आधी ताट संपवा

मोबाईलवरचे खेळ बनवणारी आमची कोल्हापुरातली चार जणांची कंपनी. आम्हाला गेम इंजिन विकायला पुण्याचे दिवाणसाहेब तिसऱ्यांदा आले होते. त्या सॉफ्टवेअरवर आमचा सगळा खेळ उभा राहणार, म्हणून आमची प्रोग्रामर शर्मिष्ठा दर वेळी त्याची माहितीपुस्तिका मागायची. साहेबांचं उत्तर ठरलेलं. "ती फक्त ग्राहकांना मिळते. आधी खरेदी करा, मग वाचा." ऐकून ऐकून आमचं डोकं उठलं होतं.

दुपारी त्यांना खानावळीत नेलं. तांबडा रस्सा बघून साहेब मालकिणीला म्हणाले, "मावशी, मला पित्ताचा त्रास आहे. आधी चमचाभर चव देता का?"

मावशींनी पळी उचलली, तोच शर्मिष्ठाने वाटी बाजूला ओढली.

"थांबा मावशी. साहेब, तिखट किती ते फक्त जेवून उठलेल्या गिऱ्हाइकाला कळतं. आधी ताट संपवा."

"अहो, पण मला झेपेल की नाही ते बघितल्याशिवाय कसं खाऊ?"

"मग तीन महिने मी दुसरं काय विचारतेय?"

साहेबांनी लॅपटॉप काढला. पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं, तेव्हाच शर्मिष्ठाने वाटी पुढे सरकवली.