नाण्यावरचा फेटा

“फेटा की टोपी? बुवा, एका शब्दात सांगा. मी लगेच निघतो.”

मधुसूदन कोठावळे मठाच्या ओट्याशी उभे राहूनच विचारत होते. बसले असते तर बाकीचंही बोलावं लागलं असतं.

सिदूबुवा शेंगदाण्याचे लाडू वळत होते. हात गुळानं आणि दाण्याच्या तेलानं कोपरापर्यंत माखलेले.

“बस की.”

“वेळ नाही, बुवा. तालुका पेटलाय.”

“मग तर बसच. पेटल्यावर पळत्यात त्येच भाजत्यात.”

कोठावळे बसले.

तालुका खरोखरच पेटला होता, आणि तोही एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावरून. सिदूबुवांचे गुरू झरेबाबा. हयातभर त्यांनी दुष्काळी गावांतून विहिरी खोदल्या. त्यांच्या सव्वाशेव्या जयंतीला सरकारनं शंभर रुपयांचं स्मारक नाणं काढलं. बाबांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरावाला आला की बाबा विहिरीत उतरायचे आणि तो जाईपर्यंत वर यायचे नाहीत. तरीही नाण्यावर चेहरा आला आणि चेहऱ्यावर फेटा आला.

झालं. अर्धा तालुका म्हणाला, फेटाच बरोबर. उरलेला म्हणाला, बाबा टोपीच घालायचे, फेटा बांधून आमच्या बाबांना पळवलं. मग पक्षांनीही सोयीचं डोकं निवडलं. एक दिवस बंद झाला, एक दिवस बंदच्या निषेधाचा बंद झाला. नाणं जळत नाही, म्हणून टोपीवाल्यांनी नाण्याच्या फोटोची होळी केली. फेटेवाल्यांनी दुसऱ्या फोटोला दुधाचा अभिषेक घातला, तर शाई वाहून गेली आणि बाबा बोडके झाले. बाबांच्या विहिरीतून आयुष्यात एक पोहरा ज्यांनी ओढला नाही, त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता. आमच्याकडे हे असंच चालतं.

गंमत म्हणजे खरं नाणं अजून कुणी पाहिलंच नव्हतं. सगळी मारामारी वर्तमानपत्रातल्या चित्रावरून.

“तू कुठल्या बाजूचा?” बुवांनी विचारलं.

“फेट्याच्या. भाषणच केलं मी चौकात.”

“आनि तुज्या दुकानातली औषधं?”

“म्हणजे?”

“टोपीवाला खोकला घिऊन आला तर दितोस का न्हाई?”

 कोठावळ्यांचं औषधाचं दुकान चौकातच होतं आणि महिन्याभरात तिथे एकही टोपी फिरकली नव्हती. पण त्यांचं खरं दुखणं दुकानाचं नव्हतं.

“बुवा, माझा अल्बम तुम्हाला माहीत आहे.”

“सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय. तू इसरू देतोस व्हय?”

“स्वातंत्र्यानंतरचं एकही स्मारक नाणं सुटलेलं नाही माझं. एकही नाही! आणि आता आपल्या बाबांचं निघालं, तर त्याचीच जागा रिकामी. रोज अल्बम उघडतो आणि मिटतो. जेवण जात नाही.”

“मग घे की इकत.”

“घेतलंय. पण ते गुंडूकडे आहे.”

...

बुवांनी लाडू ताटात ठेवला.

गुंडू म्हणजे गुंडाप्पा हुक्केरी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. दोघं शाळेपासूनचे मित्र. नाणी मागवायची तर आधी नोंदणी करावी लागते. कोठावळ्यांना त्या भानगडी जमत नसत, म्हणून दोघांची नोंदणी गुंडाप्पाच करी. पार्सल त्याच्याच पत्त्यावर येई, आणि रविवारी दोघं मिळून ते उघडत. चहा आधी होई, हात धुऊन मग कात्री. इतक्या वर्षांत हा क्रम चुकला नव्हता.

आणि गुंडाप्पा होता टोपीवाला.

“त्याचा निरोप आहे, चौकात येऊन टोपी म्हण आणि तुझं नाणं घेऊन जा. म्हणजे बघा बुवा, फेट्यावर थुंकणाऱ्याच्या कपाटात फेट्याची दोन नाणी, आणि फेट्यासाठी घसा फोडणाऱ्याकडे एकही नाही! म्हणून म्हणतो, तुम्ही बाबांना पाहिलंय. पाहिलेले तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही फेटा म्हणालात की त्याला नाणं द्यावंच लागेल.”

“आनि टोपी म्हनलो तर?”

कोठावळ्यांनी हा विचार केलेला नसावा. त्यांचा चेहरा उतरला.

“...तर मी चौकात काय तोंड दाखवू?”

बुवा स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, “सालं निघाली का न्हाई रं?”

“निघाली, बुवा.”

आतून सूप घेऊन गुंडाप्पा बाहेर आला. मिशीत शेंगदाण्याची सालं अडकलेली. कोठावळ्यांना पाहून तो दारातच थांबला.

“ह्यो सकाळधरनं आलाय,” बुवा म्हणाले. “ह्येचाबी त्योच सवाल. म्हनलं, दानं पाखड, तवर मी आटीवतो.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. महिनाभराच्या सवयीनं आता न बघणं दोघांनाही चांगलं जमत होतं.

“बुवा, ह्येला म्हनावं, तोंड बघायला आलेलो न्हाई मी,” गुंडाप्पा म्हणाला.

“बुवा, त्याला म्हणावं, मिशी झाड आधी.”

“मी काय पोस्टमन हाय व्हय?” बुवा म्हणाले. “गुंडाप्पा, त्ये आन बघू हिकडं.”

गुंडाप्पानं पिशवीतून पार्सल काढलं आणि बुवांपुढे ठेवलं. वरची पट्टी तशीच होती. कुठं चीर नव्हती की सुरकुती नव्हती.

कोठावळे बघत राहिले. “हे... उघडलं नाहीस?”

गुंडाप्पानं भिंतीकडे बघत उत्तर दिलं, “एकट्यानं कसं उघडायचं?”

...

कोठावळ्यांचा हात पार्सलाकडे गेला.  तेवढ्यात बुवांनी पार्सल उचललं, दातानं पट्टी तोडली आणि आतल्या दोन डब्यांतली एक उघडली. आत मखमलीवर प्लॅस्टिकची गोल डबी, डबीत नाणं. बुवांनी नखानं तीही उघडली आणि नाणं चिमटीत धरून बाहेर काढलं.

“बुवा!”

दोघंही एकाच दमात ओरडले. इतक्या मोठ्यानं, की लिंबावरचे कावळे उडाले.

“बोटं, बुवा, बोटं!”

“कडेनं धरा! कडेनं!”

बुवांनी नाणं उलटंसुलटं केलं. चेहरा डोळ्यांजवळ नेला.

“चकचकीत हाय. कोन हाय ह्यो?”

आणि ओळख पटावी म्हणून त्यांनी चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. गूळ, दाण्याचं तेल आणि थोडा चुरा असा सगळा ऐवज नेमका फेट्यावर बसला. आरशासारखा चकाकणारा तो भाग, ज्याला कारागीरसुद्धा हात लावत नाहीत, तिथे आता बुवांच्या अंगठ्याच्या रेषा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ उमटल्या. फेटा दिसेना. टोपी असती तरी दिसली नसती.

गुंडाप्पानं खिशातून रुमाल ओढला.

कोठावळ्यांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. “पुसू नकोस, गाढवा! ओरखडे पडतील!”

“मग काय बघत बसू? गूळ वाळला तर डाग धरंल, मधू!”

“पाणी. नुसतं पाणी. घासायचं नाही.”

बुवांनी अंगणातल्या विहिरीकडे हात केला. “पानी लई हाय. बाबांनी खोदल्याली.”

“विहिरीचं नको!” दोघंही पुन्हा एकदम.

“क्षार असतात त्यात, बुवा,” कोठावळे कळवळून म्हणाले. “नाणं काळं पडतं.”

“बाबांच्या हिरीचं पानी बाबांस्नी चालंना?”

गूळ वाळत होता.

“माझ्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर आहे,” कोठावळे म्हणाले. “नंतर थोडं ॲसिटोन. तेल त्यानंच जाईल. तू कडेनं धर, तुझा हात थरथरत नाही.”

गुंडाप्पानं दोन बोटांत नाणं कडेनं उचललं. सुईत दोरा ओवणारा हात, जरासुद्धा हलला नाही.

“हे माझं,” तो म्हणाला.

“काय?”

“डागाचं माझं. डबीतलं कोरं तू घे. अल्बममदी लाव.”

“गप बस. डागाचं मी घेणार. बुवांशी मी बोलत बसलो, माझ्यामुळे झालं.”

“पार्सल मी आनलं.”

“गुंड्या, मी एकदा सांगितलं ना, डागाचं माझं!”

“अरे जा! मोठा आलाय!”

महिन्याभरात दोघं पहिल्यांदा एकमेकांशी भांडत होते. इतके दिवस ते चौकाशी भांडत होते. कोठावळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते गुळासाठी नव्हतं, एवढं मी खात्रीनं सांगतो.

बुवांनी दोघांच्या तोंडात एकेक लाडू कोंबला. नाणं धरल्यामुळे गुंडाप्पाला हात वापरता येईना, त्याला तो तसाच चघळावा लागला.

मग दोघं निघाले. कोठावळ्यांची स्कूटर. मागं गुंडाप्पा, बगलेत उरलेलं पार्सल आणि वर धरलेल्या दोन बोटांत नाणं.

“हळू चालव रं. खड्डा आला तर सांग.”

“मी तीस वर्षं चालवतोय.”

“म्हनूनच सांगतोय.”

स्कूटर सुरू झाली. फाटकापर्यंत गेली... आणि बंद पडली. बंद पडली नव्हती, कोठावळ्यांनीच बंद केली होती. माणसाचा हट्ट गुळासारखा नुसत्या पाण्यानं जात नाही.

ते मान वळवून बघत होते. मागं गुंडाप्पाही बघत होता.

“बुवा, आम्ही चौकात काही बोलणार नाही. शपथ. फक्त आमच्या दोघांपुरतं सांगा,” कोठावळे म्हणाले.

“व्हय बुवा. तुमी पोरवयापासनं बाबांच्या जवळ होता. रोज बघत होता,” गुंडाप्पा म्हणाला. “डोक्यावर काय असायचं?”

सिदूबुवांनी हातातला लाडू वळून पुरा केला. ताटात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ ते आठवत राहिले...

गुंडाप्पाच्या दोन बोटांत नाणं तसंच वर धरलेलं होतं.

बुवांनी डोळे उघडले.

“माजं डोस्कं त्येंच्या पायावर असायचं. चपलांचं इचारा, सांगतो.”