कुरकुरी बिजागरी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, तरी डोळ्यांनी पाहिली!

फार पूर्वी नदीकाठच्या पेठेत भागूबाई कासारणीच्या दुकानाला फळ्यांचं घडीचं दार होतं. त्याची बिजागरी सारखी कुरकुरायची.

"गप की गं, रडूबाई!" फळ्या चिडवायच्या.

"मी गप्प बसले, तर तेल कोण घालील?"

आवाज ऐकून भागूबाई लगेच तेल सोडायची.

एकदा ती दार लावून जेवत असताना पूर आला. फळ्या फुगून जड झाल्या, तरी तेल मुरलेल्या बिजागरीनं एका धक्क्यात दार दुमडलं. भागूबाई बाहेर पडली.

"बाई, उपकार झाले गं!" फळ्या बिजागरीला म्हणाल्या.

एवढं मात्र मी पदरचं घातलं. फळ्या कसल्या आभार मानतात! आभार भागूबाईनं मानले, जन्मभर, थेंब थेंब तेलानं.