वेणूच्या दारातले दोन दिवे

डोंगराच्या उतारावर, करवंदवाडीत, वेणूचं इवलंसं घर होतं. घरात वेणू आणि तिची आई, दोघीच. आई बांबूच्या टोपल्या विणून बाजारात विकायची. ती परतायची तेव्हा अंधार पडलेला असायचा. दारापुढे ओबडधोबड पायऱ्या होत्या आणि त्यांच्या कडेला खोल घळ. घरातली चिमणी बाहेर आणली की वाऱ्याने विझायची.

एका संध्याकाळी आईचा पाय पायरीवरून निसटला. ती घळीत पडता पडता वाचली, पण पाय मुरगळला. तो पुरता बरा व्हायच्या आधीच ती पुन्हा बाजाराला निघाली. टोपल्या विकल्याशिवाय चूल पेटत नव्हती.

त्या दिवशी वेणू रानात लाकडं वेचायला गेली. बाभळीच्या खोडावर काहीतरी लुकलुकत होतं. ती एक चिमुकली परी होती. तिचा मोरपंखी निळा, सोनेरी कडांचा पंख डिंकात चिकटला होता. वेणूने ओंजळीतून झऱ्याचं पाणी आणून डिंक भिजवला आणि हलक्या हाताने पंख सोडवला.

“दुखलं का गं, परीताई?”

“थोडंसं,” परी म्हणाली. “आता तू काहीतरी माग.”

“आमच्या दाराबाहेर दोन दिवे हवेत. दोन्ही बाजूंना एकेक. वाऱ्याने न विझणारे.”

“सोन्याचा महाल नको?”

“घर आहे आमचं. दारात दिसत नाही, एवढंच.”

परी हसली. “देते. पण दिवे दाराबाहेरच ठेवायचे. आत नेलेस तर विझतील. आणि एखादा कुणाला दिलास, तर तो परत मिळणार नाही.”

संध्याकाळी दाराच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकाराच्या फुलांसारखे दोन दिवे उमलले. केशरी, मधाळ उजेड पायऱ्यांवर सांडला. आई एकेक पायरी बघत वर आली आणि कितीतरी वेळ दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूला उताराखालची गोदाआजी दिसली. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं.

“काल माझं दारच सापडेना बघ, बाळा,” आजी म्हणाली. “भिंतीवरच आपटले.”

वेणू घरी आली. एक दिवा दिला तर आपली एक बाजू कायमची अंधारी राहणार, हे तिला ठाऊक होतं. तिने घळीकडचा दिवा ठेवला आणि दुसरा आजीच्या दाराबाहेर नेऊन लावला.

त्या दुपारी धो धो पाऊस कोसळला. आजीच्या घरासमोरची वाट खचून वाहून गेली. अंधार पडल्यावर आई त्याच वाटेने आली. आजीच्या दारातल्या उजेडात तिला समोरचा खड्डा दिसला आणि ती जागीच थांबली. आजीने तिला परसातून वर आणून सोडलं.

आईने सगळं सांगितल्यावर वेणू तिला घट्ट बिलगली. तेवढ्यात दारात परी उतरली.

“परीताई, मी एक दिवा देऊन टाकला,” वेणू म्हणाली.

“माहीत आहे. दिलेला परत मिळत नाही, तो नियमच आहे,” परी म्हणाली. “पण नवा द्यायला मला कुणी अडवलेलं नाही.”

तिने दाराच्या अंधाऱ्या बाजूला हात टेकवला. तिचे पंख, केस, बोटं सारं हळूहळू सोनेरी उजेड झालं. तो उजेड उतारावरून खाली पसरत गेला, आणि परी दिसेनाशी झाली. वेणूने पाहिलं, तिच्या दारात पुन्हा दोन दिवे होते, आणि खाली वाडीतल्या प्रत्येक दारालाही दोन-दोन.

आई पायऱ्यांवर बसली आणि तिने दुखरा पाय लांब केला. त्या संध्याकाळी दोघी बाहेरच जेवल्या.