भांगाची आण

शके एकोणीसशे एकतीस. हेमंत ऋतू. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी. मुलांनो, ही तिथी ध्यानात ठेवा. मी दोनदा सांगत नाही.

त्या साली एका खाडीच्या मुखाशी, तिवरांच्या रानात, एक पाणमांजरी राहत असे. तिला दोन पिल्लं होती. थोरलं दांडगं, धाकटं भित्रं. सगळ्या खाडीत तिच्यासारखं पोहणारं कुणी नव्हतं आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिचा गर्व खोटा नव्हता. म्हणूनच तो उतरत नव्हता.

खाडीचं मुख अरुंद होतं. दोन्ही अंगांना काळे खडक आणि मधून पाण्याची वाट. मासे भरतीबरोबर त्याच वाटेने आत येत. पण माणसांच्या होड्या समुद्रात फाटकी जाळी टाकत, दोर टाकत, पिशव्या टाकत. ते सगळं लाटांबरोबर येऊन त्या खडकांत अडके. वाट बुजली तर खाडी मरणार, हे प्राण्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी फार पूर्वी एक रीत घालून घेतली होती. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर मोडतो, पाणी संथ होतं. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दोन दिवसांत दर घरातून एकाने मुखाशी यायचं आणि वाट मोकळी करायची. खेकड्यांनी कापायचं, कोल्ह्यांनी ओढायचं, बगळ्यांनी तो कचरा उधाणाचं पाणी पोचणार नाही एवढ्या उंचावर नेऊन टाकायचा. मजुरी कुणाला नाही. फक्त एक आण होती. भांगाच्या दोन दिवसांत कुणी कुणाला खायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून ज्याचं त्याने बघावं.

या कामाचा म्होरक्या एक म्हातारा खेकडा होता. त्याची उजवी नांगी त्याच्या अर्ध्या अंगाएवढी होती. दिवसाचं काम उरकलं की तो सगळ्यांची पिल्लं चिखलात बसवी आणि शिकवी. खायचं काय आणि नुसतं खाण्यासारखं दिसतं ते काय, हे तो दाखवी. शेवटी न चुकता जाळ्याचा धडा घेई.

"जाळ्यात सापडलात तर काय करायचं?" तो विचारी.

"हलायचं नाही!" पिल्लं ओरडत.

"आणि दुसरा सापडला तर?"

"ओढायचं नाही! जाड दोर शोधायचा, त्याची गाठ कापायची!"

"का?"

"सगळं जाळं त्या दोराला लटकतं. दोर सुटला की जाळं सैल!"

एकदा त्याने पाणमांजरीला वाटेत गाठलं. "बाई, तुझी पिल्लं दिसत नाहीत शाळेत."

"माझी पिल्लं पोहतात, खेकडोबा. तुझ्याकडे येऊन काय शिकतील? तिरकं चालायला?"

जवळच एका पायावर उभा असलेला बगळा खुदकन हसला.

"तिरकं चालणारा वाटेतला दगड चुकवतो," खेकडा म्हणाला. "आणि भांगाला तू कधी येणार?"

"ज्यांना पोहता येत नाही त्यांनी वाट साफ करावी. मी वरून उडी मारून जाते."

तर ती मार्गशीर्षातली अष्टमी. पाणी संथ होतं. खेकडे बिळं सोडून उघड्या खडकांवर कामाला लागले होते. दोघे एका दोराला भिडले होते, दोघांच्या नांग्या दोरात रुतलेल्या. पाणमांजरी आली. तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही. एकाला उचललं, फोडलं, खाल्लं. मग दुसऱ्याला. पळायला त्यांच्या नांग्या मोकळ्या नव्हत्या.

खडकावर सगळं काम थांबलं.

"आज भांग आहे!" कोल्हा म्हणाला.

"म्हणून तर," पाणमांजरी तोंड पुसत म्हणाली. "एरवी हे बिळाबाहेर येतात कुठं?"

बगळा पुन्हा हसला. या वेळी जरा हळू.

ते दोघे म्हाताऱ्या खेकड्याचे लेक होते. म्हातारा पुढे झाला. त्यांच्या नांग्या अजून दोरात होत्या, त्या त्याने सोडवल्या आणि बिळात नेल्या.

पुढच्या भांगाला एकही खेकडा आला नाही. कापणारे नाहीत म्हटल्यावर कोल्हे ओढणार काय? तेही माघारी गेले. बगळे उगाच उभे राहिले आणि उडाले. चिखलातली शाळाही बसली नाही. मग अमावस्येच्या उधाणाने एक भलंमोठं जाळं आणून दोन्ही खडकांवर आडवं टाकलं. पौषातली अष्टमी आली, तेव्हाही कुणी आलं नाही. मासे बाहेरच्या बाहेर वळू लागले. आतलं पाणी हिरवं झालं, त्याला वास सुटला. बगळ्याची हाडं दिसू लागली. आता तो हसत नसे.

पौषी पौर्णिमेला पहाटेची मोठी ओहोटी लागली. पाणमांजरीची पिल्लं दोन दिवस उपाशी होती. जाळ्यात मेलेले मासे लटकत होते.

"आयतं जेवण!" थोरलं म्हणालं आणि आत शिरलं. धाकटं त्याच्या मागे गेलं.

आई पोचली तेव्हा थोरल्याच्या गळ्यात आणि धाकट्याच्या मागच्या पायांत जाळं बसलं होतं. तिने थोरल्याला धरून ओढलं. जाळं आवळलं. तिने आणखी जोर लावला. ते आणखी आवळलं. तिने चावून पाहिलं. तो दोर सुताचा नव्हता. दातांतून निसटत होता आणि हिरड्या कापत होता. ओहोटी सरली, भरती लागली. पाणमांजर पाण्यात राहतं, पण श्वास हवेतूनच घेतं. दुपारच्या आत ते खडक बुडणार होते.

"बगळ्या, काही कर!" ती ओरडली.

"मला उचलून टाकता येतं. कापता येत नाही," बगळा म्हणाला. "कापणारे कुठं गेले, ते तुला माहीत आहे."

मग ती पोहत तिवराच्या मुळाशी, म्हाताऱ्या खेकड्याच्या बिळापाशी गेली. सगळ्या खाडीने ते पाहिलं.

"खेकडोबा, बाहेर या. माझी पिल्लं अडकलीत."

आतून आवाज आला, "आज भांग नाही. आज आण लागू नाही. मी बाहेर आलो तर तू मला खाऊ शकतेस."

"खाणार नाही."

"आण असताना खाल्लंस. आता नुसत्या शब्दावर बाहेर येऊ?"

तिने डोकं चिखलात टेकवलं. "पाणी चढतंय," एवढंच म्हणाली.

मग खेकडा बाहेर आला. तिच्या तोंडासमोरून तिरका चालत गेला आणि म्हणाला, "मला पाठीवर घे. माझ्या चालीने पोचणार नाही."

खडकावर पाणी पिल्लांच्या पोटापर्यंत आलं होतं. खेकड्याने जाळ्यावर चढून जाड दोर शोधला. एक गाठ धाकट्याच्या बाजूला होती, एक थोरल्याच्या.

"ओढू नकोस, बाई. सोड. आणि त्यांना सांग, हलू नका."

तिने सांगितलं. धाकटं भीतीने गारठलं होतं, ते हललं नाही. थोरल्याला हा धडा कुणी दिला नव्हता. ते दांडगं होतं, आपल्या जोरावर त्याचा भरवसा होता. ते झटके मारत राहिलं, आणि दर झटक्याला गळ्यातलं जाळं आत जात राहिलं.

खेकड्याने आधी थोरल्याची गाठ धरली. झटक्याने तो दोनदा फेकला गेला. तिसऱ्यांदा त्याची नांगी दोराच्या पिळात सापडली आणि कोपरातून मोडली. मोठी, उजवी. पाणी वर चढत होतं.

"एकच सोडवता येईल," खेकडा म्हणाला. "हलत नाही ते."

पाणमांजरीने थोरल्याकडे पाहिलं. मग मान फिरवली. "धाकटं सोडवा," ती म्हणाली.

डाव्या, लहान नांगीने खेकड्याने धाकट्याच्या बाजूची गाठ कुरतडली. फार वेळ लागला. जाळं सैल झालं आणि धाकटं सुटलं. तोवर थोरल्याचं नाक पाण्याखाली गेलं होतं. आई त्याच्याजवळ गेली आणि त्याचे झटके थांबेपर्यंत तिथेच राहिली.

संध्याकाळी ती बिळापाशी आली. धाकटं तिच्या मागे होतं.

"तुमचं देणं कसं फेडू?" तिने विचारलं.

"माझे दोन कामकरी खाल्लेस. दोन कामकरी दे."

"माझ्यापाशी एकच पिल्लू उरलंय."

"तुला धरून दोन होतात."

"किती दिवस?"

"ते जाळं पुरतं निघेपर्यंत."

पुढच्या भांगाला ती मुखाशी पहिली आली. इतर खेकडे तिला पाहून बिळाच्या तोंडाशीच थांबले. म्हातारा एकटा, एका नांगीचा, चालत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या पंजांच्या मधोमध बसून दोर कापू लागला. दिवसभर ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी चार खेकडे आले. त्याच्या पुढच्या भांगाला वीस.

ते जाळं ओलं, जड, वाळूने भरलेलं होतं. एका भांगाला हातभर निघे. पावसाळ्यात तेवढंही निघत नसे, उलट नवा कचरा येऊन बसे. पाणमांजरी कापलेले तुकडे ओढून बगळ्याच्या पायाशी नेऊन टाकी.

"काय गं, खेकड्याची मोलकरीण!" बगळा एकदा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "उचल."

धाकटं शाळेत बसू लागलं. खेकड्यांची पोरं आधी त्याच्यापासून लांब बसत. म्हाताऱ्याने त्याला जाळ्याचा एक तुकडा दिला आणि जाड दोर शोधायला लावला. शंभरदा शोधायला लावला. वर्षभराने तेच इतरांना शोधायला लावू लागलं. एखादं पोर हिसका मारू लागलं की ते फार मोठ्याने ओरडे, "ओढू नका!" का ओरडतं, हे कुणी विचारत नसे.

म्हाताऱ्याने कात टाकली. मोडक्या नांगीच्या जागी कोंबाएवढी नांगी फुटली. कात टाकल्यावर खेकडा मऊ असतो, कुणीही गिळावा असा. ते सात दिवस पाणमांजरी त्याच्या बिळाच्या तोंडाशी उपाशी पडून राहिली. दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा कात टाकली. तेव्हाही ती होती. नांगी मोठी झाली, पण पहिल्याइतकी नाही.

वाट हळूहळू मोकळी होत गेली. पाण्याचा वास गेला. मासे आले, पण पूर्वी येत त्याच्या निम्मे. बाकीचे आलेच नाहीत.

शके एकोणीसशे तेहेतीस, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी. खडकाच्या कपारीत जाळ्याचा शेवटचा तुकडा उरला होता. त्यात वाळू होती, शिंपले होते, आणि लहान लहान पांढरी हाडं होती. काम करणारे सगळे मागे सरले. धाकटं पुढे आलं, त्याने जाड दोर शोधून दाखवला. म्हाताऱ्याने नव्या नांगीने गाठ कापली आणि जाळं बाजूला केलं. एकेक हाड त्याने वेचून पाणमांजरीच्या पुढ्यात ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या लेकांच्या नांग्या वेचल्या होत्या, तितक्याच सावकाश.

पाणमांजरीने रिकामं जाळं दातांत धरलं, उंचावर नेऊन टाकलं आणि परत आली.

"फिटलं," खेकडा म्हणाला.

तात्पर्य : सगळ्यांच्या पाण्यासाठी राबणाऱ्याला जो ओरबाडतो आणि त्याचं शिकवणं हसण्यावारी नेतो, त्याला तोच धडा पुढे शिकावा लागतो, पण तोवर त्याचं जे गेलं ते परत येत नाही.