उरलेला झेड

ज्यानं कुणी उरलेल्याला निकामी ठरवलं, त्यानं स्वतः कधी उरून पाहिलेलं नाही.

फार पूर्वी एका शाळेत इंग्रजी अक्षरांचे लाकडी ठोकळे राहत. मुलं मूठभर ठोकळे उचलून शब्द जुळवत आणि झेड दरवेळी उरे. एके दिवशी ठरलं, आजही उरला, तर बाई त्याची दाराला पाचर करणार होत्या.

सावनीच्या मुठीत झेड, एस आणि दोन गोल ओ आले.

"ओ भावांनो, माझ्याकडे सरका, अजून अक्षरं येऊन मोठा शब्द होईल," एस म्हणाला. "त्या वाकड्याजवळ बसलात तर एवढासाच शब्द होईल."

झेडनं मान खाली घातली.

"होऊ दे की एवढासा!" म्हणत दोघे ओ झेडला बिलगले.

"झू! प्राण्यांची बाग!" सावनी आनंदानं ओरडली.

फळ्याजवळचा खडू हसला, "बघ रे एस, एवढ्याशा शब्दात हत्तीसुद्धा मावला!"