ब्रह्मराक्षसाचं अजीर्ण

घाटातल्या पिंपळावर एक ब्रह्मराक्षस राहत असे. जिवंतपणी तो मोठा व्याकरणपंडित होता. भर दुपारी तो वाटसरूला अडवून एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती विचारी आणि उत्तर काहीही आलं तरी त्यात चूक काढून त्याला गिळून टाकी.

एकदा म्हाळसा वैदीण त्याच्या तावडीत सापडली. पानांची सळसळ थांबली, पाखरं गप्प झाली आणि तो समोर उभा राहिला.

"वैदीण ना तू? मग 'अजीर्ण' शब्द कुठून आला ते सांग."

म्हाळसा बोलली, "जीर्ण म्हणजे झिजलेलं, जुनं झालेलं. पोटात अन्न झिजलं की ते पचलं. न झिजलेलं ते अजीर्ण. पण महाराज, मेल्यापासून तुमचं वय थांबलंय. तुमच्यात काहीच झिजत नाही. मग गिळलेली माणसं पचली कशी असतील?"

ब्रह्मराक्षसाने दचकून पोटावर हात ठेवला. आतून कुणीतरी हलकेच हाक मारली. दुसऱ्या कुणीतरी ओ दिली.

"यावर औषध?" त्याने कापऱ्या आवाजात विचारलं.

"लंघन," म्हाळसा म्हणाली, "आणि ते आत्तापासूनच."

मग ती त्याच्या समोरून घाट उतरून गेली.