बदली खेळाडू

“म्हणजे उद्या मी बाकावर बसायचं? मी?”

जुईनं हे तिसऱ्यांदा विचारलं. अक्का जाळीच्या पिशवीत चेंडू भरत होत्या.

“सुरुवातीला बसायचं. मग घेईन की आत.”

मिरजेच्या त्या कॉलेजात जुई आवटीला ओळखत नाही असा माणूस नव्हता. तीन वर्षं विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात, दोन वर्षं कॉलेजची कर्णधार. पेपरात फोटो आला की वडील पाच प्रती आणत आणि चार वाटून टाकत. उंची अशी की दारातून आत येताना वाकायची सवय लागलेली. पण ती सवय दारापुरतीच होती.

अक्का म्हणजे इंदुमती खोत, तिच्या प्रशिक्षक. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं याच मैदानावर मुली घडवत होत्या, आणि एका वाक्यात भागत असेल तर दुसरं वाक्य खर्च करत नव्हत्या.

उद्या अंतिम सामना होता, जुईचा कॉलेजकडून शेवटचा. कॉलेजसाठी सर्वाधिक गुण करण्याचा विक्रम मोडायला तिला आणखी सतरा गुण हवे होते. तो विक्रम जिमखान्याच्या भिंतीवर रंगवलेला होता, सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा. त्यापुढे नाव होतं इंदुमती खोत.

सकाळपासून जुईच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती शेवटी बाहेर पडलीच.

“भिंतीवर तुमचंच नाव राहावं म्हणून तर नाही ना हे, अक्का?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलल्यावर तिचे कान तापले. पण शब्द मागे घेणं तिला कधी जमलं नव्हतं.

अक्कांनी पिशवीचं तोंड आवळून गाठ मारली.

“रंगाऱ्याला मी सोमवारी बोलावलाय. तुझं नाव घालायला.”

...

अक्का पुढं म्हणाल्या, “सतरा गुण तू अर्ध्या सामन्यात करशील. त्याचा घोर मला न्हाई.”

जुईचा राग अजून नाकावर होताच.

“मग माझं चुकलं काय? काल एकतीस गुण केले. मी नसते, तर काल उपांत्य सामन्यातच आपण घरी गेलो असतो.”

“व्हय. गेलो असतो.”

“माझे चार फाउल झाले, पाचवा होऊन कायमची बाहेर जायला नको म्हणून तुम्ही मला बाहेर घेतलंत आणि तिथंच सगळं बिघडलं. माझ्या जागी सई गेली. त्यांची ती सात नंबरची मोकळी सुटली, लागोपाठ तीन बास्केट केल्या. सई नुसती बघत राहिली.”

“आणि मग?”

मग काय झालं ते दोघींनाही ठाऊक होतं. जुईनं परत आत जाऊन सामना काढला, एका गुणानं. आणि नंतर सगळ्या मुलींसमोर सईला विचारलं, “डोळे घरी ठेवून आलीस का गं?” सईनं बॅग भरली आणि कुणाशी न बोलता एसटी धरली. आज ती सरावालाही आली नव्हती.

अक्का उठल्या आणि मैदानाच्या कडेच्या रेषेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“जा, मधे उभी राहा. तू जुई, मी सई. काल बाहेर आलीस तशीच ये.”

“आत्ता?”

“आत्ता.”

जुईला हसू आलं. अक्का जेमतेम तिच्या खांद्याला लागत. तरी ती मधोमध गेली. अक्कांनी हात वर केला. जुई काल आली होती तशीच आली, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. ती अक्कांच्या बाजूनं सरळ निघून गेली, बाकावर बसली आणि टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

अक्का आत गेल्या.

रिकाम्या मैदानात त्या डावीकडे बघू लागल्या, मग उजवीकडे. दोन पावलं कोपऱ्याकडे धावल्या, थांबल्या, परत फिरल्या.

जुईनं टॉवेल बाजूला केला. “काय करताय, अक्का?”

“कुणाला धरू गं?”

...

या जिमखान्यात आलेली मुलगी चेंडूला हात लावायच्या आधी एक गोष्ट शिकते. सामन्यात प्रत्येकीनं समोरच्या संघातली एकजण धरायची, तिची पाठ सोडायची नाही. आणि बदली झाली, तर बाहेर येणारीनं आत जाणारीच्या हातावर टाळी देऊन आपण धरलेलीचा नंबर सांगायचा. फाउल झालेले असोत, राग आलेला असो, पाय मुरगळलेला असो, नंबर सांगायचाच. नव्या मुलींकडून हे घोकून घेणारी जुईच होती.

सात नंबरची जुईनं धरली होती.

काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं अख्खा सामना मनात पुन्हा खेळून पाहिला होता. त्यात ती न दिलेली टाळी कुठंच आली नव्हती. तिला लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त लाज सईच्या त्या भरलेल्या बॅगेची वाटली.

“मी सईची माफी मागते. आत्ता फोन करते.”

“कर की.”

“मग उद्या...”

“उद्या सुरुवात सई करणार. आठेक मिनिटांनी ती बाहेर येईल, तू आत जाशील.”

जुई बघत राहिली. तीन वर्षांत तिनं एकदाही सामना बाकावरून सुरू केला नव्हता. बाहेरून खेळ कसा दिसतो हेच तिला माहीत नव्हतं; काल बाहेर बसली तीही टॉवेलखाली. भरलेलं मैदान, पाचजणींमागे धावणाऱ्या पाचजणी, आणि आपण रेषेवर उभ्या. आपल्या वाटणीला कोण आलंय ते एकटी सई सांगणार.

“अक्का...”

“काय?”

“सईनं मला सांगितलंच नाही तर?”

अक्का येऊन तिच्या शेजारी बाकावर बसल्या. तेवढ्या धावण्यानंही त्यांना धाप लागली होती.

“सांगेल ती. काल तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते कसं असतं तिला ठाऊक हाय.”